हजर असून गैरहजर

बोलतोय पुण्यातून, पण आजचं बोलणं नांदेडचं आहे आणि थोडं लातूरचंही. हेडफोन लावून एसटीत बसला असाल तर बरंच आहे, कारण गोष्ट एसटीपासूनच सुरू होते.

नोव्हेंबरच्या शेवटाला रात्री साडेदहाला धाकट्या मामेबहिणीचा फोन आला. लोह्याची आहे. नांदेडच्या एका कॉलेजात उपयोजित कला, म्हणजे ग्राफिक डिझाइन म्हणा, पहिल्या वर्षाला आहे. सुरुवातीला नुसतंच "जेवलास का, काय चाललंय". मग एकदम, "दादा, डिफॉल्टर लिस्ट लागली. माझं नाव आहे तिच्यात. एकसष्ट टक्के. मी तर रोज यायलेय की रे!"

मी मोठ्या भावाच्या थाटात विचारलं, रोज जातेस तर एकसष्ट कसे?

तर ते असं. स्टुडिओची तासिका साडेआठला. प्रेझेंटी पहिल्या दहा मिनिटांत होते आणि हजेरीपट बंद. हिची लोह्याहून येणारी गाडी वेळेवर असली तर सव्वाआठला नांदेडला, नाहीतर पावणेनऊला. उरलेले अडीच तास ही बसून काम करणार, शीट दाखवणार, सर तिच्या शीटवर पेन्सिलनं दुरुस्त्या करणार, आणि मस्टरवर त्या दिवशी 'अ'. गैरहजर.

हे ऐकून मी गप्प झालो. का, ते सांगतो. मी बीटेकला असताना बरोबर याच्या उलट केलंय. मी रूमवर झोपलेला आणि मस्टरवर हजर.

दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये कागद फिरायचा. रूममेट माझी सही करायचा, मी त्याची. आठवड्याची वाटणीच ठरलेली होती. एके दिवशी सरांनी कागद हातात घेतला, सह्या मोजल्या, मान वर करून डोकी मोजली. सह्या त्रेचाळीस, डोकी छत्तीस. काही बोलले नाहीत. लाल पेनानं खाली '३६' लिहिलं आणि शिकवायला लागले. कारवाई नाही, पालकांना पत्र नाही. त्या दिवशी आम्हाला वाटलं, सुटलो. चौथ्या वर्षाला एका ठिकाणी शिफारसपत्र हवं होतं आणि विषय त्या सरांचाच. मी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. त्यांच्या ते लक्षात होतं की नव्हतं, कोण जाणे. माझ्या होतं.

तर हजेरी या विषयावर बोलायचा माझा अधिकार इतकाच आहे.

आपल्याकडं हजेरी म्हणजे पोलिसी प्रकार, ही समजूत कुठून येते ते लातूरला शिकलेल्यांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी तिथंच सीईटीची तयारी करत होतो. घरमालक दोन घागरी मोजून द्यायचे. त्या दिवसांतही क्लासला दांडी मारली की संध्याकाळपर्यंत वडिलांच्या मोबाइलवर मेसेज. लातूर पॅटर्नमध्ये हजेरीचा अर्थ एवढाच, की पोरगं खुर्चीत आहे. तिथं ते चालतं, कारण तिथं प्रश्नाचं उत्तर एक असतं आणि ते पुस्तकात मागं छापलेलं असतं. आज चुकलेला भाग उद्या झेरॉक्स काढून भरून निघतो.

डिझाइनच्या स्टुडिओचं तसं नाही. हे मला इंजिनिअर असून कळायला बहिणीची एक असाइनमेंट पाहावी लागली.

विषय होता तूरडाळीचं पाकीट. आपल्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिचंच. वर्गातल्या एका मुलानं एआयकडून पोस्टरसारखं झकास पाकीट काढून आणलं. सोनेरी डाळ, मागं सूर्य, धुकं. फक्त 'बोरसुरी' या शब्दातला 'सु' असा काही मोडला होता की तो कुठल्याच लिपीत बसत नव्हता. सरांनी विचारलं, "रफ कुठंयत?" रफ नव्हते. त्याला सी.

हिचं फायनल त्याच्यापुढं अगदीच साधं होतं, मी पाहिलंय. पण ही मोंढ्यात जाऊन दुकानात अर्धा तास उभी राहिली होती. तिनं पाहिलं, की पाकीट एकदा उघडलं की दुकानदार वरचं तोंड दुमडून रबर लावतो आणि वर छापलेलं नाव त्या घडीत जातं. म्हणून हिनं नाव खाली आणलं. एवढंच. त्यासाठी चोवीस थंबनेल काढलेली, प्रत्येकावर तारीख, चुकलेल्यांवर काट मारून कारण लिहिलेलं. बी प्लस मिळाला.

मी तिला म्हटलं, अगं, ही तर आमची गिट हिस्टरी आहे. आमच्याकडं कोड नुसता चालतो एवढ्यावर भागत नाही. कोणत्या दिवशी काय बदललं, का बदललं, कुणी आक्षेप घेतला, हे सगळं नोंदलेलं असतं आणि रिव्ह्यू करणारा ते उघडून बघतो. एका रात्रीत आकाशातून पडलेला हजार ओळींचा कोड कुणी मंजूर करत नाही. तुमच्या सरांचं "रफ कुठंयत" म्हणजे तेच. मार्क नुसत्या चित्राला नसतात, तुम्ही तिथवर कसे आलात त्यालाही असतात. आणि ते 'कसे' स्टुडिओत घडतं, दुसऱ्याच्या शीटवर सर बोलत असताना तुम्ही मागं उभे असता तेव्हा. त्याची झेरॉक्स निघत नाही.

दहावीपर्यंत आपल्याला चित्रकलेची ग्रेड एकच माहीत असते, इंटरमिजिएटची. ए आला की दहावीला ७ मार्क जास्तीचे, बी ला ५, सी ला ३. तिथं पेपर तपासणाऱ्याला तुमचं अंतिम चित्रच दिसतं. तीच सवय घेऊन पोरं कॉलेजात येतात आणि शीट चकचकीत करत बसतात.

आता थोडं गणित, कारण ते मला जमतं. यूजीसीच्या दहा गुणांच्या पट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. ग्रेडच्या गुणाला त्या विषयाच्या क्रेडिटनं गुणायचं, सगळी बेरीज करायची, एकूण क्रेडिटनं भागायचं, की एसजीपीए आला. समजा सत्र २० क्रेडिटचं आहे. त्यात स्टुडिओ ६ क्रेडिटचा आणि कलेचा इतिहास २ चा. इतिहासात बी चा ए केलात तर एसजीपीए ०.२ नं वाढतो. स्टुडिओत तेवढीच उडी मारलीत तर ०.६ नं. पोरं मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री जागतात ती इतिहासासाठी! तुमच्या अभ्यासक्रमाचे आकडे वेगळे असतील, पीडीएफ विद्यापीठाच्या साइटवर असते, एकदा उघडून बघा. आणि ज्या दिवशी असाइनमेंट मिळते त्याच दिवशी विचारून घ्या, सर, रफला किती, फायनलला किती, सादरीकरणाला किती? निकाल लागल्यावर विचारलं की ते भांडण वाटतं.

हजेरीचंही गणितच. प्रात्यक्षिकाचे आठवड्याला दोन तास म्हणजे एक क्रेडिट, म्हणून ६ क्रेडिटचा स्टुडिओ आठवड्याला बारा तास. तीन-तीन तासांच्या चार तासिका, पंधरा आठवडे, साठ तासिका. ७५ टक्के म्हणजे पंचेचाळीस. बहिणीच्या छत्तीस झाल्या होत्या, त्यात बावीस हजर. उरल्या चोवीस, हव्यात तेवीस. म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांत एकदाच चुकायची मुभा. हे फोनवर मोठ्यानं मांडलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

मग म्हणाली, "लेट आलेल्यांची पण सही घ्यावी म्हणून आम्ही सगळे मिळून ग्रुपवर टाकू का सरांचं?"

नको म्हटलं. इथं वागणुकीचा मुद्दा येतो. वागणूक म्हणजे नमस्कार करणं आणि मोबाइल सायलेंटवर ठेवणं, असं माझं मत नाही. आपली अडचण योग्य माणसाला, वेळेत, लेखी सांगणं, ही वागणूक. अर्ज लिहायला लावला. त्यात रडगाणं नाही. एसटीच्या पासची प्रत, गाडीची वेळ, आणि तारखा घातलेल्या थंबनेलच्या वहीचे फोटो. ज्या दिवशी मस्टरवर 'अ' आहे त्याच दिवशीची थंबनेल, कोपऱ्यात सरांच्या पेन्सिलीची खूण. हे मी सुचवलं खरं, पण वही तिनं तारखेनिशी ठेवली नसती तर माझी हुशारी काय कामाची होती?

विभागप्रमुख मॅडमनी वही पूर्ण चाळली. मागचं बदलता येणार नाही म्हणाल्या, मस्टर बंद झालेलं आहे. पण पुढं तासिका संपताना दुसरी प्रेझेंटी सुरू केली. नऊपर्यंत आलेल्या आणि शेवटपर्यंत बसलेल्यांची हजेरी आता धरतात. वर्गातल्या सात-आठ अप-डाउन करणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. जे प्रेझेंटी देऊन चहाला जायचे त्यांची पंचाईत झाली आणि ते आता हिच्यावर चिडलेत. मला विचाराल तर मागचेही दिवस धरायला हवे होते. पुरावा होता. पण एकीला सूट दिली की उद्या चाळीस जण मागच्या तारखा टाकलेल्या वह्या घेऊन उभे राहतील, हेही कळतं. मी स्वतः त्या चाळिसांत असतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती तिनं जाता जाता सांगितली. फायनल इयरच्या एका दीदीनं हिच्याकडून हाफ इम्पिरियलच्या दोन शीट रंगवून घेतल्या. "सगळेच करतात दादा, ज्युनिअर आहोत ना." नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत रॅगिंगची व्याख्या आहे, त्यात सिनिअरचं अभ्यासाचं काम नव्या विद्यार्थ्याकडून करून घेणं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढलं की पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश नाही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, लिहून ठेवा. बहिणीला तक्रार करायची नव्हती, मी जबरदस्ती केली नाही. तिसरी शीट आली तेव्हा मात्र "माझी प्रेझेंटी कमी आहे" म्हणून परत पाठवली. बहाणा खरा असला की किती सोपं जातं बघा.

एआयबद्दल तुम्ही विचारालच. माझं सरळ मत, वापरा आणि शीटमागं लिहा की कुठं वापरलं. लपवून नका वापरू. फॉन्टचंही तेच. पेन ड्राइव्हमधून पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे चोरीचे फॉन्ट घेऊन पोर्टफोलिओ करायची गरज उरलेली नाही. एक टाइपचे मुक्त, बलू असे देवनागरी फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. आणि विंडोजवरचा तुमचा तो कंटाळवाणा मंगल र. कृ. जोशींनी केलाय. ते आयुष्यभर अक्षरं शिकवणारे मास्तर होते, त्याला नावं ठेवण्याआधी एवढं माहीत असू द्या.

बहिणीचं विचाराल तर, अर्जानंतर आठ तासिका झाल्या, आठही हजर. तीस झाल्या. उरल्या सोळा, हव्यात पंधरा. संध्याकाळचं फ्लेक्सच्या दुकानातलं काम तिनं परीक्षेपर्यंत सोडलंय, महिन्याचे पैसे बुडाले, मामीला ते फारसं पटलेलं नाही. आता माळेगावची यात्रा तोंडावर आलीय. लोह्याहून निघणाऱ्या गाड्या त्या दिवसांत कशा भरतात हे तिकडच्यांना माहीत आहे. म्हणून ती चार दिवस नांदेडला मैत्रिणीकडं राहायला चाललीय. काल रात्री मेसेज होता, "दादा, यात्रेतली रेवडी आणायला सांगितलीय मम्मीला, तुला कुरिअर करते."