शौचाची सीमा आणि बालकाचा संशय

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



उत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याधीचा विषय काढावा काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मठ हा गृहस्थाचा आधार होय. त्याच्या घरात एखादे मूल मूकपणे कष्ट भोगत असेल आणि त्याची वार्ता मठातही उच्चारली गेली नाही, तर ती अन्यत्र कोठे उच्चारली जाणार?

एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नऊ वर्षांचा मुलगा आहे. आरतीच्या घंटा, शंख आणि झांजा यांचा नाद सुरू होताच तो दोन्ही कान झाकून मंडपाबाहेर पळतो. रेशमी मुकटा नेसवला की अंगाला काटे टोचल्यासारखे त्याला वाटते. भाजीचा रस भाताला लागला, तर तो पानावरून उठतो. हा झाला एक भाग. दुसरा भाग असा की, जेवणापूर्वी तो वीस वीस वेळा हात धुतो. तळहातांना भेगा पडतात, तरी नळ बंद होत नाही. "आई, माझे हात नक्की स्वच्छ झाले ना गं?" असे तो विचारतो. "झाले रे बाळा," आई म्हणते. आणि क्षणभराने पुन्हा तोच प्रश्न. आजी कौतुकाने म्हणते, "आमचा नातू भारी सोवळ्याचा!" वडील म्हणतात, "हे सारे लाडांचे हट्ट." दोघांचेही निदान चुकलेले असते.

या मुलाच्या ठायी दोन निराळ्या अडचणी आहेत. पहिली इंद्रियांची. जो नाद इतरांना गोड लागतो, तो त्याच्या कानावर आघात करतो. अमेरिकेतील जीन आयर्स या विदुषीने १९७२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि इंद्रियसंवेदनांची जुळणी मेंदूत कशी होते याकडे लक्ष वेधले. दुसरी अडचण संशयाची. तिला मराठीत मंत्रचळ म्हणतात. वैद्यकात ती ओ.सी.डी. या नावाने ओळखली जाते. शंभर मुलांमागे साधारणतः एक ते तीन मुलांना ती होते. नको असलेला विचार मनात घुसतो, भय उत्पन्न होते, भय शमविण्यासाठी एखादी क्रिया केली जाते आणि घटकाभर बरे वाटते. त्या घटकाभराच्या सुखामुळेच मन शिकते की क्रिया केली म्हणूनच संकट टळले. पुढच्या वेळी संशय अधिक बळावून येतो. आईबापांच्या संगोपनातील दोषाने हा विकार उत्पन्न होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो.

येथे धर्मनिष्ठ घराने विशेष सावध असावे. शास्त्राने शौच सांगितले, परंतु त्यास सीमाही घातली. आचमन तीन वेळा, शंभर वेळा नव्हे. मळाचा लेप आणि गंध जाईपर्यंत धुवावे, असे मनुस्मृती सांगते. गेल्यानंतरही धूत राहावे, असे सांगत नाही. शौचाचे फल प्रसन्नता होय. ज्या धुण्याला अंत नाही आणि ज्यातून केवळ भय वाढते, ते शौच नव्हे, तो व्याधी होय. त्याचे कौतुक करणे म्हणजे व्याधीला नैवेद्य दाखविणे होय. "देव कोपेल" अशी भीती घालणे तर याहून घातक. कारण कित्येक मुलांचा संशय पापपुण्याभोवतीच फिरत असतो.

मग आईबापांनी करावे काय? दोन्ही अडचणींना एकच उपाय लावू नये, हे येथील मर्म आहे. इंद्रियांच्या त्रासात सवलत द्यावी. मुलास मंडपाच्या दाराशी, ढोलताशांपासून दूर बसवावे. मुकट्याऐवजी धुतलेले मऊ सुती वस्त्र नेसवावे. घंटा केव्हा वाजणार हे त्यास आधी सांगावे. मंत्रचळात मात्र सवलत हेच इंधन ठरते. त्याच्यासाठी आईने पुनःपुन्हा भांडी धुणे, शंभर वेळा "हो" म्हणणे, साऱ्या घराने त्याच्या नियमांनी चालणे, यांनी संशय पोसला जातो. भेद ओळखण्याची एक खूण आहे. आवाज थांबला की पहिल्या प्रकारचा त्रास ओसरतो. हात स्वच्छ झाले तरी दुसऱ्या प्रकारचा प्रश्न थांबत नाही. कधी दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. तेव्हा निवाडा तज्ज्ञावर सोपवावा.

परंतु सवलत एकाएकी काढून घेणे म्हणजे क्रौर्य होय. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमधील दोन रुग्णांच्या अनुभवावरून एक मार्ग दाखविला: भयाच्या वस्तूस सामोरे जावे आणि त्यानंतरची क्रिया रोखून धरावी. आज हीच उपचाराची मुख्य वाट आहे. मुलांच्या बाबतीत ती पायरीपायरीने, मुलाच्या संमतीने चालावी लागते. वीसऐवजी पंधरा वेळा, मग दहा, मग एकदा. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे मानसोपचार आणि औषध यांची जोड सर्वांत गुणकारी ठरली. औषध अर्थातच मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावे.

आईच्या मुखी एवढेच वाक्य असावे: "हा प्रश्न तुझा नव्हे रे, मंत्रचळाचा आहे. त्याला मी उत्तर देणार नाही. पण तुझ्याजवळ बसते." यात नकार आहे, परंतु त्याग नाही.

या कामी गोव्यात बांबोळी येथील मनोरुग्णालय, बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आणि बंगळूर येथील निम्हान्स या संस्था आहेत. २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा विनामूल्य मिळते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, दहाव्या अध्यायात, अतत्त्वाभिनिवेश नामक मनोव्याधीचे वर्णन आहे. तो आणि मंत्रचळ एकच, असे म्हणण्याचे साहस करू नये. तथापि तेथील एक उपदेश येथे पूर्णपणे लागू पडतो. रोग्यास अनुकूल असणाऱ्या विश्वासू सुहृदांनी त्यास ज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांची जोड द्यावी, असे आचार्य सांगतात. तेथे निंदेस स्थान नाही, दंडासही नाही.

तेव्हा आज सायंकाळी आरतीच्या वेळी एखादे मूल कान झाकून बाहेर जाताना दिसले, तर त्याच्या आईकडे वक्रदृष्टीने पाहू नये. तिला वाट करून द्यावी, आणि आरती संपल्यावर तीर्थप्रसाद दाराशी नेऊन त्या मुलाच्या हातावर ठेवावा. त्याने तो घेतला तर उत्तम. न घेतला तरी राग मानू नये.