जुन्या मॉरिसच्या गिअरबॉक्सात कोणतं ऑइल?

आमच्या गटाने गेल्या वर्षी एका ताईंना कर्ज दिलं, ते सासऱ्यांची मॉरिस मायनर लग्नाच्या वरातींना भाड्याने देता यावी म्हणून. इंग्लंडात १९४८ साली निघालेली ही गाडी. तिची आधीची आवृत्ती आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने विकली जायची. ताईंची गाडी १९५६ नंतरची, मायनर १०००. ती उभी राहिली की हप्ताही थांबणार, म्हणून ऑइलचा विषय आम्ही थेट बैठकीत घेतला.

दुकानदार म्हणाला, “जीएल-५ घ्या, सगळ्यात भारी.” आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं आपल्यालाही वाटतं. साडीच्या किमतीसारखंच! पण इथे तसं नाही. या गिअरबॉक्सात पितळ-काशाच्या रिंगा असतात. गिअर टाकताना त्या घासून दोन्हीकडचा वेग जुळवतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट. पोलादी दातांवर जबर दाब येतो तिथे ती उपयोगी, पण गरम झाल्यावर पितळेला ती खाऊ शकतात. शिवाय फार गुळगुळीत ऑइलात रिंगेची पकडच बसत नाही, मग गिअर खरखरतो.

गाडीचं जुनं पुस्तक काय सांगतं? गिअरबॉक्सात चक्क इंजिन ऑइल! तेव्हा साधं ३० नंबरचं होतं, आता जुन्या गाड्यांचे जाणकार २०डब्ल्यू-५० मिनरल घालतात. मेकॅनिक हसला, “नव्वदच्या जागी पन्नास? पातळ पडेल.” पडत नाही. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांची मापंच वेगळी. गिअरचं ९० साधारण इंजिनच्या ४०-५० इतकंच दाट असतं.

मागच्या अ‍ॅक्सलला मात्र ९० नंबरचं गिअर ऑइलच लागतं, तिथले दात एकमेकांवर घसरत फिरतात. म्हणून ताईंनी दोन्ही डब्यांवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. हे काम मेकॅनिकवर सोडू नका.

आणि ऑइल काढायचं ते गाडी थोडी फिरवून, कोमट असताना. पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात बघा. सोनेरी चुरा खूप दिसला तर रिंगा झिजल्यात. अशा वेळी वरातीची सुपारी घेण्याआधी गिअरबॉक्स उघडून घ्या.