चक्र आधीच थांबलेलं असतं

(आपल्या स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि विषय बदलून आले आहे. त्याबद्दल आधीच माफी मागते. ज्या गोष्टीनं आमच्या घरातली झोप उडवली होती, तिच्याबद्दल मला बोलायचंय. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आज पंधरा ते वीसच्या घरात आहेत, म्हणून हे इथंच बोलावंसं वाटलं.

सुरुवात गोट्यांपासून करते. मागच्या मैदानातला आपला डाव आठवतोय? डाव संपल्यावर ज्याच्या गोट्या त्याला परत दिल्या, तर पीटीचे सर काही बोलायचे नाहीत. पण जिंकलेल्या गोट्या खिशात घालून कुणी घरी निघालं, की सर सगळ्यांच्याच जप्त करायचे. सरांच्या कपाटातल्या त्या डब्यात माझ्याही अकरा गोट्या आहेत. सर हसताहेत, म्हणजे डबा अजून असावा. त्या वेळी सरांचा राग यायचा. खेळ कुठं संपतो आणि जुगार कुठं सुरू होतो, हे ते आम्हाला दाखवत होते, एवढं कळायला मला पंचविशी ओलांडावी लागली.

आता मोबाइल आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांचे सामने होतात, त्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. मुलं दिवसाला दहा-दहा तास सराव करतात, संघ पगार देतात, स्टेडियममध्ये प्रेक्षक बसतात. याला नुसतं वेळ घालवणं म्हणू नका. कराचीच्या सुमैल हसन या मुलानं सायबर कॅफेत खेळता यावं म्हणून सायकल विकली होती. पुढं कुटुंब अमेरिकेला गेलं. २०१५च्या ऑगस्टमध्ये सिएटलला त्याच्या संघानं डोटाची जगातली सगळ्यांत मोठी स्पर्धा जिंकली. संघाला ६६ लाख डॉलर मिळाले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आपण सोळाव्या वर्षी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतो आणि खिशात बसचा पास होता.

दुसरा मुलगा कोरियाचा, ली सुंग-ह्युन. स्टारक्राफ्ट खेळायचा, खेळातलं नाव 'लाइफ'. पंधराव्या वर्षी कोरियातली मोठी स्पर्धा जिंकला, २०१४ मध्ये जगज्जेता झाला. बक्षिसांतूनच त्यानं चार लाख डॉलरांहून अधिक कमावले होते. २०१५च्या मे महिन्यात तो दोन सामने मुद्दाम हरला. त्याचे त्याला सात कोटी वॉन मिळाले, म्हणजे तेव्हाचे साधारण चाळीस लाख रुपये. पैसे देणारे सट्टेवाले होते. जानेवारी २०१६ मध्ये अटक झाली, दीड वर्षाची स्थगित शिक्षा आणि सात कोटी वॉनचा दंड झाला, खेळातून तो कायमचा बाद झाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या देशाला हे नवीन नव्हतं. २०१० मध्ये याच कारणासाठी अकरा खेळाडू कायमचे बाद झाले होते.

ज्याच्याकडे एवढं होतं, त्यानं असं का केलं? सुरुवातीला मी म्हणायचे, हाव. आता म्हणत नाही. एका रात्रीच्या सामन्यात वर्षाची कमाई यायची किंवा जायची, ही सवय ज्या मुलाला चौदाव्या वर्षापासून लागली, त्याला पैजेचे पैसे वेगळे दिसतच नसावेत, असं मला वाटतं. त्याच्या मनातलं मला ठाऊक नाही. माझ्या भाच्याचं थोडं ठाऊक आहे. त्याची परवानगी घेऊन सांगते.

तो माझ्या ताईचा मुलगा. बारावीनंतर बीजीएमआयच्या एका संघात लागला. महिन्याला पंचवीस हजार मिळायचे. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांच्या संघानं एक स्पर्धा मारली आणि टीडीएस कापून त्याच्या वाट्याला एक लाख ऐंशी हजार आले. वय अठरा. आईला फ्रीज घेतला, स्वतःला फोन घेतला. भावोजींनी गल्लीत पेढे वाटले. त्या पैशांचं पुढं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मी पेढा खाल्ला.

२८ जुलै २०२२ला सरकारी आदेशानं तो खेळ भारतात बंद झाला. परत आला तो मे २०२३च्या अखेरीस. मधले दहा महिने या मुलांनी काय करावं, हा विचार कुणीच केला नव्हता. दोन महिन्यांनी संघानं पगार थांबवला. रात्रभर जागायची सवय तशीच राहिली. मग एका मित्रानं लिंक पाठवली. लाल की हिरवा, एवढंच ओळखायचं. पहिल्या रात्री पाचशेचे नऊशे झाले. दिवाळीपर्यंत खातं रिकामं झालं. त्यानंतर झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स. फेब्रुवारीत माझा फोन वाजला. कर्जवसुलीवाला होता, संदर्भ म्हणून माझा नंबर दिलेला. एकूण देणं तीन लाख चाळीस हजार.

मी त्याला घरी बोलावलं. जेवायला वाढलं, तर ताटाकडे बघत बसला. म्हणाला, "मावशी, मॅच हरलो की टीमला सांगतो. हे कुणाला सांगू?"

मग मी म्हटलं, ते अ‍ॅप दाखव. त्यात रोजच्या बक्षिसाचं एक चक्र होतं. त्यानं बोट लावलं. चक्र फिरलं, हळू झालं, मोठ्या बक्षिसाच्या घरावर येतंय येतंय असं करत शेजारच्या घरात थांबलं. तो म्हणाला, "बघ, थोडक्यात गेलं."

मित्रांनो, तसं चक्र मी लिहिलेलं आहे. हे अ‍ॅप माझं नव्हतं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी एका गेम कंपनीत असताना असंच एक माझ्याकडे आलं होतं. चक्र फिरायच्या आधीच सर्व्हरवर निकाल ठरलेला असतो. स्क्रीनवरचं फिरणं नुसतं दाखवायला असतं. मला काम दिलं होतं, की ते मोठ्या बक्षिसाच्या अगदी जवळ रेंगाळून पुढं सरकलं पाहिजे. ते रेंगाळणं नैसर्गिक दिसावं म्हणून मी दोन दिवस खपले. जमलं तेव्हा सगळ्या टीमनं कौतुक केलं, आणि मलाही खूप छान वाटलं होतं.

मी हे भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "तू लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

आता बाईंकडे वळते. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. आठवीत एकदा ऑफ तासाला तुम्ही कापडी पिशवीत बटणं घेऊन आला होता. नऊ पांढरी, एक लाल. एकेकाला न बघता काढायला लावलंत आणि प्रत्येक वेळी बटण परत पिशवीत टाकलंत. वीस जणांचं पांढरं आल्यावर आम्ही ओरडलो, आता लाल येणारच! तुम्ही म्हणालात, "परत टाकलंय ना? मग पिशवीला काय माहीत आधी काय आलं ते?"

काउंटर-स्ट्राइक नावाच्या खेळात २०१३पासून बंद पेट्या मिळतात. उघडायची किल्ली सुमारे अडीच डॉलरची. आत बंदुकीवरची रंगीत नक्षी, तिला स्किन म्हणतात. खेळण्यात तिचा काही उपयोग नाही, पण ती विकता येते, म्हणून तिच्यावर पैजा लागू लागल्या. २०१४ मध्ये एका नामांकित अमेरिकन संघातली मुलं असाच सामना मुद्दाम हरली आणि मोबदला स्किनमध्ये मिळाला. २०१५च्या जानेवारीत त्यांच्यावर बंदी आली. त्यांच्यातला एक सामन्याच्या वेळी सतरा वर्षांचा होता. चीनच्या नियमांमुळे २०१७ मध्ये त्या पेट्यांचे आकडे जाहीर करावे लागले. सगळ्यांत दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे सरासरी चारशेच्या आसपास पेट्यांमागे एक. आणि बटण परत पिशवीत टाकलेलं असतं. तीनशे नव्व्याण्णव पेट्या रिकाम्या गेल्या, तरी चारशेवीला काही माहीत नसतं.

भाच्याला मी हे बटणं घेऊनच दाखवलं. तेवढ्यानं तो सुटला असं मात्र नाही. भावोजी फोन काढून घ्यायला निघाले होते. आम्ही फोन काढला नाही. कागदावर सगळं देणं त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं. अर्धं आम्ही फेडलं, अर्धं तो हप्त्यांनी देतोय. खातं ताईबरोबर जोडखातं केलं. समुपदेशकाकडे सात महिने गेला. मध्ये एकदा घसरला, चार हजार गेले. पण या वेळी त्यानं दुसऱ्याच दिवशी सकाळी सांगितलं. ताई रडली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला. आज तो एका कॉलेजच्या संघाला शिकवतो आणि राहिलेलं बीकॉम पुरं करतोय.

आणखी एकाचं सांगते. रशियाचा अलेक्सेई बेरेझिन, डोटाचा खेळाडू. २०१३ मध्ये त्यानं आपल्याच संघाच्या विरोधात शंभर डॉलर लावले. हरल्यावर ३२२ डॉलर मिळणार होते. आधी तहहयात बंदी झाली, मग ती एक वर्षावर आली. जगभरातली मुलं आजही खराब खेळणाऱ्याला ३२२ म्हणून चिडवतात. पण तो परत आला, एका मोठ्या संघाचा कप्तान झाला आणि त्या संघानं मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याला परत यायला वाट ठेवली होती. लाइफला ती मिळाली नाही. गुन्हा लहान-मोठा होता, हे मान्य. तरी घरात आपण कोणती वाट ठेवतो, हे आपल्या हातात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. पीटीच्या सरांनी मैदानात ओढलेली रेघ संसदेनं ओढली, असं म्हणते. चांगलं झालं. पण दुकान बंद झालं म्हणून सवय बंद होत नाही.

म्हणून पालक म्हणून तुम्हाला दोनच विनंत्या. मुलाच्या हातात पहिलं मोठं बक्षीस आलं, की पेढ्यांबरोबर बँकेतही जा. कराचे बाजूला काढा, निम्मे सहा महिने हलवू नका, आणि हे त्याच्यासमोर करा. दुसरं, हरलेले पैसे सांगायला तो आला, तर पहिली पाच मिनिटं ओरडू नका. कुणाशी बोलावं हे कळेनासं झालं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथं मराठीतून बोलता येतं.

आणि मुख्याध्यापक सरांना एक विनंती. नववीच्या मुलांसाठी वर्षातून एक तास मला द्या. चक्र कसं लिहितात, ते मी फळ्यावर दाखवीन. पिशवी आणि बटणं मी घेऊन येईन. बाई, तुम्हालाही यावं लागेल.