बँडमधला खर्ज

श्रीवर्धनच्या माणसापुढे 'सुपारी' म्हटले की त्याला रोठ्याची वाडी आठवते. बँडवाल्याची सुपारी निराळी. लग्न ठरले, यजमानाने विसार हातावर ठेवला, की सुपारी घेतली म्हणायचे. आज ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, त्याचा संसार या दुसऱ्या सुपारीवर चालतो. तीही त्याच्या हाती थेट पडत नाही. ती घेतो बँडचा मालक, आणि तारखेपुरता याला बोलावतो. आज या मालकाकडे, उद्या त्या.

कोळीवाड्यातली वरात तुम्ही पाहिली असेलच. पुढे क्लॅरोनेट आणि ट्रंपेट चाल उचलतात. शाबासकीही तेच घेऊन जातात. मागे एक जण मोठे पितळी वाद्य पोटाशी धरून फुंकत असतो. ते युफोनियम. शेजारी लांब नळी पुढेमागे सरकवतो तो ट्रॉम्बोनवाला. ही खर्जाची माणसे. ती एक दिवस आली नाहीत, तर काय कमी पडले हे कुणाला सांगता येणार नाही. पण नाचणाऱ्यांचे पाय ढिले पडतील.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वाद्य वर्गात समजावण्याजोगे आहे, बरं का. युफोनियमची नळी उलगडली तर सुमारे ९ फूट भरेल, ट्रॉम्बोनचीही तेवढीच. सुराची सुरुवात ओठांच्या थरथरीत होते आणि नळीतली हवा त्याला धरून ठेवते. नळी लांब, तर सूर खाली. युफोनियमची कळ दाबली की नळीचा आणखी एक तुकडा वाटेत येतो. मधल्या कळीने सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने पूर्ण, तिसरीने दीड. ट्रॉम्बोनला कळा नाहीत. तिथे सरकत्या नळीच्या ७ जागा, आणि त्या कानानेच हुडकायच्या. वाडीला पाणी घालण्याच्या रबरी नळीचा तुकडा घ्या, एका टोकाला नरसाळे बसवा आणि दुसऱ्याला ओठ लावून फुर्र करा. नळी कापत जा, सूर चढत जाईल. मुले हसतील, हसू द्या.

तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत याचे दिवस. मग पाऊस. गणपती-नवरात्र सोडले, तर वाद्य खोळीत. कोकणातल्या दमट हवेत पितळ काळवंडते, ते चिंचेने घासायचे, कळांना तेल द्यायचे. शिकवणी होते तीही याच दिवसांत. चांगला मास्तर शिष्याच्या हाती आधी नुसते तोंडाचे टोक देतो. पोटातून दम घ्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. बहुतेक पोरे इथेच कंटाळतात. त्यांना ट्रंपेट हवा असतो!

आपल्याकडे हे शिक्षण बहुतांशी कानावरचे. शेजारच्या गोव्यात तसे नव्हते. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलाला वाद्याआधी स्वरलेखन वाचायला शिकवीत. म्हणून तिकडचे वादक मुंबईला आले आणि हॉटेलांत, पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत समोरचा कागद पाहून वाजवू लागले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला ट्रॉम्बोन ऐकलात, तर तो वाजवणारांत ब्लास्को मोन्सोराते हे नाव येते. तेही काम रोजंदारीचेच. १९८० नंतर विजेवरची वाद्ये आली आणि वीस जणांचे काम एका पेटीत बसले. वरातीत आता भिंतीएवढे कर्णे गाडीवर येतात. त्यात खर्ज पुष्कळ असतो, छातीत धडधडतो. पण त्याला दम घ्यावा लागत नाही, आणि मला तो खर्ज वाटतही नाही.

वाद्यांची तूट नाही. मेरठला पितळी वाद्ये आजही घडतात. नादिर अली आणि कंपनी ही तिथली १८८५ ची पेढी. तुटवडा आहे तो शिकवणाराचा. चाल काय, कुठेही ऐकायला मिळते. तिच्याखाली षड्ज कुठे धरायचा, पंचमावर कधी जायचे, कुठे गप्प राहायचे, हे त्या मागच्या माणसालाच ठाऊक, आणि ते कागदावर नाही. तुमच्यापैकी ज्यांना सारेगम लिहिता येते त्यांनी त्याच्याजवळ बसून ते उतरवून घ्यावे. पावसात त्याला सवड असते.

शाळेत बोलवाल, तर एसटीचे भाडे आणि रोख बिदागी द्या. नारळ देऊ नका. तो मालकाकडून त्याला अनेकदा मिळालेला असतो.