वहीबाहेरचा वाचक
(अंधेरी येथे शिक्षक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातवीतला विद्यार्थी ‘मी पाहिलेला सूर्यास्त’ हा निबंध लिहितो, तेव्हा तो कोणासाठी लिहितो? गुरुजींसाठी, असे उत्तर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. गुरुजींना तो सूर्यास्त आधीच पाठ असतो, कारण त्याची वाक्ये बाजारातल्या मार्गदर्शकात छापलेली असतात. लाल शाईचा शेरा, दहापैकी सात गुण, आणि वही बंद. अंधेरीच्या मुलाला वेसाव्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी त्याच्या निबंधातला सूर्य मात्र नेमाने डोंगराआडच मावळतो!

हा दोष मुलाच्या बुद्धीचा नाही आणि शिक्षकाच्या निष्ठेचाही नाही. ज्याला खरोखरच काही जाणून घ्यायचे आहे असा वाचक त्या लेखनाला लाभलेला नसतो. वर्गाची अनुदिनी, ज्याला सर्वत्र ब्लॉग म्हणतात, तिचा शाळेत विचार करायचा तो या एका कारणासाठी. संगणक आला म्हणून काहीतरी करावे, एवढाच हेतू असेल तर तिच्या वाटेला न गेलेले बरे.

वाचकाचे भान ही काही पश्चिमेकडून आणायची वस्तू नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या समासाने केला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे, पानाच्या चहूबाजूंस जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी मजकूर झिजणार नाही, इतक्या बारकाव्याने समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हेही ते बजावतात. पुढे कोणते डोळे हे वाचणार आहेत याचा विचार लिहिणाऱ्याने लेखणी उचलतानाच करावा, हे त्या उपदेशाचे मर्म आहे.

महाराष्ट्रातील शाळांनी हे आपल्या परीने जपले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्यांच्या राजकीय विचारांशी कोणाचा मतभेद असो. मुलांना वाचायला रोज काहीतरी ताजे मिळावे म्हणून स्वतःच्या हाताने पाने भरणारा शिक्षक कोणत्याही पंथाला वंदनीयच वाटेल. पुढे शाळाशाळांतून हस्तलिखिते निघाली, भित्तिपत्रके लागली. पण हस्तलिखिताची प्रत एकच. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते तिचे प्रकाशन होते, दोन-चार पाने उलटली जातात आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. ज्या मुलाने रात्र जागून वेलबुट्टी काढली, त्याच्या आजीलाही ती पाहायला मिळत नाही.

प्रतींचा हा प्रश्न फ्रान्समधील एका शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडवला. सेलेस्टिन फ्रेने हे पहिल्या महायुद्धात छातीला जखम होऊन परतले होते, त्यांना फार वेळ बोलणे जमत नसे. १९२४ साली दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या खेड्याच्या शाळेत त्यांनी हाताने चालवायचा एक लहान छापखाना आणला. मुले गावात हिंडून येत, पाहिलेले लिहीत, वर्गात ते वाचून सर्वांनी दुरुस्त करीत आणि स्वतः खिळे जुळवून छापीत. ती पाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेकडे जात आणि तिकडची पाने इकडे येत. ज्याने आपले गाव कधी पाहिले नाही त्याला ते समजावून सांगायचे असल्यामुळे मुलांना नेमका शब्द शोधावाच लागे. व्याकरण शिकण्याची गरज त्यांची त्यांनाच वाटू लागे.

फ्रेने यांचा छापखाना आज प्रत्येक शाळेला जवळजवळ फुकट उपलब्ध आहे. १९९९ साली ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि खिळे, शाई, टपाल यांपैकी काहीही नसताना लेखन जगापुढे ठेवता येऊ लागले. मराठीला थोडी वाट पाहावी लागली. पूर्वी प्रत्येक मराठी टंकाचा संकेत निराळा असे, एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर अगम्य चिन्हांच्या रांगेसारखे उमटे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण संपली. आता ब्लॉगचे नवलही ओसरले आहे, तरुण मंडळी चित्रफितींकडे वळली आहेत. वर्गाच्या दृष्टीने ही उणीव नसून सोय आहे. जिथे गर्दी नाही, तिथे मुलाला सावकाश चार परिच्छेद लिहिता येतात.

मग अंधेरीच्या मुलाने लिहावे काय? गावदेवी डोंगरीवरचा गिल्बर्ट हिल घ्या. सुमारे दोनशे फूट उंचीचा काळ्या बेसॉल्टचा हा उभा स्तंभ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून घडला. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच एक स्तंभ आहे, तो पाहायला देशोदेशीचे लोक जातात. आपल्या स्तंभाच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, पायथ्याशी दाटीवाटीची वस्ती आहे, आणि शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या कित्येकांनी त्याच्या पायऱ्या चढलेल्या नाहीत. पूर्वेला महाकाली लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली. वेसाव्याच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या रात्री रुळांवरून चालत घर गाठणारे आईवडील आज घरोघर आहेत. त्यांना विचारून लिहिलेले अर्धे पान कोणत्या मार्गदर्शकात सापडणार? आज निबंध लिहून देणारी यंत्रेही मुलांच्या हाती आली आहेत. त्या यंत्राला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ सहज लिहिता येतो, पण आपल्या बाबांच्या चपला त्या रात्री कुठे वाहून गेल्या हे त्याला ठाऊक नसते.

आणि वाचक? ते तर विखुरलेलेच आहेत. मुंबईच्या उपनगरातील घराचे एक टोक कोकणात वा देशावर असते, दुसरे बहुधा परदेशात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नाने मराठी शाळा चालतात. तेथील मुलांना मराठी वाचनासाठी हवे असते ते आपल्याच वयाच्या मुलाने लिहिलेले साधे, जिवंत मराठी. अंधेरीचा वर्ग ते देऊ शकतो. महाराष्ट्रात २०२० च्या अधिनियमाने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्याच आहेत. तरीही इंग्रजी शाळेतल्या नातवाचे मराठी पत्र गावच्या आजोबांना आलेले नाही, हे घरोघरचे वास्तव कायद्याने बदलत नाही.

साधने नाहीत, ही सबब आता टिकणारी नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड छापून पाठ भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचवले. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. उपनगरातल्या शाळेने संगणक-कक्षाची किल्ली हरवली म्हणून थांबावे, हे शोभत नाही.

पालकांच्या मनातली भीती मात्र खरी आहे. २०१२ साली स्कॉटलंडमधील नऊ वर्षांची एक मुलगी शाळेत मिळणाऱ्या जेवणाचे छायाचित्र रोज ब्लॉगवर ठेवून त्याला गुण देत असे. घरच्या मदतीने लेखनाचा सराव म्हणून चाललेला तो उपक्रम होता. बोभाटा वाढल्यावर स्थानिक प्रशासनाने तिला छायाचित्रे काढण्यास मनाई केली. जगभरातून टीका झाली आणि लगोलग मनाई मागे घ्यावी लागली. त्या काळात तिच्या पानावरून जमलेल्या लाखभर पौंडांहून अधिक निधीतून मलावीत शाळकरी मुलांच्या जेवणाची सोय झाली. गोष्ट गोड झाली, पण नऊ वर्षांच्या मुलीचे नाव काही दिवसांत जगाच्या तोंडी झाले, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. प्रत्येक घराला तो भार पेलवेलच असे नाही.

म्हणून वर्गाच्या अनुदिनीत मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र, पत्ता वा क्लासची वेळ यांपैकी काहीही असू नये. टोपणनाव किंवा नुसते पहिले नाव पुरे. पान शाळेच्या नावावर असावे, मुलाच्या नव्हे. वाचकांचे अभिप्राय शिक्षकांनी पाहिल्यावाचून उमटू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असला, तरी शाळेने लेखी संमती आजच घ्यावी. जे पालक नाही म्हणतील त्यांच्या मुलाचे लेखन भित्तिपत्रकावर तितक्याच मानाने लावावे.

शिक्षकांच्या कामाचा भार हा दुसरा प्रश्न. पन्नास वह्या तपासून थकलेल्या बाईंवर आणखी पन्नास पाने लादणे अन्यायाचे होईल. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात आठवड्याला चौघांची पाळी लावली, तर बारा आठवड्यांत प्रत्येकाची एक फेरी होते. तेवढे कोणालाही झेपते. त्या चौघांनी कच्चा मजकूर कागदावर लिहावा, वर्गात मोठ्याने वाचावा, मुलांनी ‘हे कळले नाही’ एवढेच सांगावे, मग पक्का मजकूर देवनागरीत टंकित करावा. रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय शाळेनेच लावू नये. इन्स्क्रिप्ट हा कळफलक वर्णमालेच्या क्रमाने रचलेला आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. तासाभराच्या आठ-दहा बैठकांत मुलांचा हात त्यावर बसतो, मोठ्यांना थोडा अधिक वेळ लागतो. शुद्धलेखनाच्या चुका शिक्षकांनी खुणेने दाखवाव्यात, दुरुस्ती मुलानेच करावी. संपूर्ण पान शिक्षकांनी सुधारून दिले, तर ते संस्थेच्या अहवालात शोभेल, पण मुलाचे राहणार नाही. दुर्दैवाने अनेक उपक्रमांचे असेच होते.

वर्षअखेरीला, मुले पुढच्या वर्गात जाण्यापूर्वी, सारी पाने छापून त्यांची शिवलेली प्रत करावी. एक शाळेच्या वाचनालयात, एक ज्या घरी हवी त्या घरी. महाजालावरचे कोणाचे पान काढून टाकायचे असेल तर ते त्याच सुमारास काढावे, मुलाला विचारून. टंक मात्र थोडा मोठा ठेवावा, प्रती गावालाही जायच्या आहेत.