मन मोकळे करण्याचे ठिकाण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा केली होती. या विषयावर आम्ही याच व्यासपीठावरून यापूर्वी तीन वेळा बोललो आहोत आणि आपणही तितक्याच वेळा टाळ्या वाजविल्या आहेत. यास्तव चिटणीसांची अनुज्ञा घेऊन यंदा विषय बदलला. मनाच्या दुखण्यावर बोलण्याने होणारा जो उपचार, ज्यास हल्ली समुपदेशन किंवा मानसोपचार म्हणतात, त्याविषयी बोलावयाचे आहे. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले शाळामास्तर. या शास्त्रात आम्हांस अधिकार नाही. परंतु एक चूक आमच्या हातून घडली आहे आणि ती सांगण्याचा अधिकार मात्र आमच्यावाचून दुसऱ्या कोणास नाही.

आपल्या मंडळाची सामोपचार समिती आहे. घरगुती कलह कोर्टकचेरीत न जाता ज्ञातीतच मिटावे हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. या समितीवर आम्ही अकरा वर्षे होतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका विवाहित मुलीचे प्रकरण आमच्यापुढे आले. ती आमचीच विद्यार्थिनी. नवरा महिनामहिना तिच्याशी बोलत नसे, आणि घरात तिच्या प्रत्येक खर्चाचा हिशेब मागितला जाई. बैठक सासरच्या ओसरीवर झाली. दोन्हींकडची वडीलधारी मंडळी धरून नऊजण बसलो होतो. मुलगी दाराच्या चौकटीशी उभी होती. 'संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच', 'मुलीच्या जातीने थोडे नमते घ्यावे', असा उपदेश आम्ही ओघवत्या भाषेत केला. तिने मान हलविली. आम्ही नोंदवहीत 'प्रकरण मिटले' असे लिहिले आणि समाधानाने घरी आलो.

पुढे काही वर्षांनी एका लग्नात ती भेटली. वाकून नमस्कार केला, प्रकृतीची चौकशी केली, आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, 'गुरुजी, त्या दिवशी तुम्ही सगळे मिळून दोन तास बोललात. मला प्रश्न एकच विचारलात, चहात साखर चालते ना?'

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

पुढची हकीकत तिच्या संमतीने सांगतो. आमच्या त्या बैठकीनंतर तिची झोप गेली, अन्न गोड लागेना, आणि एका रात्री तिच्या मनात नको तो विचार आला. थोरल्या बहिणीने ओळखले आणि तिला शहरातील एका समुपदेशक बाईंकडे नेले. त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आपल्या धर्माच्याही नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी, 'तुम्हांला मी काय नावाने हाक मारलेली आवडेल?' असे विचारले. सासरचे नाव लावावे की माहेरचे, या पेचात अडकलेल्या मुलीला तेवढ्या प्रश्नानेच रडू कोसळले. पुढे पाच महिने, आठवड्यातून एकदा, सुमारे पाऊण तास ती जात असे. बाईंनी नांदावे की नांदू नये याविषयी एक अक्षरही सांगितले नाही. तिचे वाक्य तिला पुरे करू दिले. तिने पुढे काय ठरविले ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे; ठरविले ते तिने ठरविले, इतके पुरे.

हा प्रकार आम्हांस नवलाचा वाटला, म्हणून मिळतील ती पुस्तके वाचली. व्हिएन्ना शहरात 1880 ते 1882 या काळात डॉक्टर ब्रॉयर यांनी एका तरुणीवर उपचार केले. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली होती. मनात साचलेले बोलून टाकले की तिला उतार पडे, आणि 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच त्यास दिले. डॉक्टरांच्या ग्रंथात तिचे नाव ॲना ओ. असे आहे, खरे नाव बर्था पापेनहाइम. तिला त्याने लगेच पूर्ण बरे वाटले असे मात्र नाही. नंतरही तिला रुग्णालयात राहावे लागले. परंतु हीच बाई पुढे मोठी समाजसेविका झाली आणि 1904 साली जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना तिने उभारली.

आमच्या मनास अधिक भिडले ते अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांचे म्हणणे. 1957 साली त्यांनी एक निबंध लिहिला. माणसात पालट घडून येण्यास काय आवश्यक असते, हा त्याचा विषय. ऐकणाऱ्याने समोरच्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहावे, त्याला कोणतीही अट न घालता आपले म्हणावे, आणि स्वतः आतबाहेर एक असावे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. विद्वत्तेला त्यांनी यात फारसे स्थान दिले नाही. चाळीस वर्षे वर्गात बोलण्यातच घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास हे पचावयास वेळ लागला.

आता कोणी विचारील, हे काम घरचे वडीलधारे करीत नाहीत काय? करतात, आणि पुष्कळदा उत्तम करतात. आफ्रिकेतील हरारे शहरात डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली दवाखान्याबाहेर लाकडी बाक मांडून वस्तीतील आज्यांनाच त्यावर बसविले. तेथील शोना भाषेत या दुखण्यास 'अति विचार' अशा अर्थाचाच शब्द आहे. आपल्याकडेही 'तो फार विचार करतो हो' असेच म्हणतात. जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथे 1996 साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने साध्या, स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्यकेंद्रांत उदासीनतेच्या रोग्यांशी बोलण्यास बसविले. सहा ते आठ बैठकांच्या त्या उपचाराचा गुण येतो, हे 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु त्या आज्या काय आणि गोव्यातील ती माणसे काय, आधी ऐकावयास शिकली, आणि त्यांच्यावर देखरेख होती. शिवाय समोरच्याच्या घरातील वाटणीत त्यांचा भाग नव्हता. आम्ही नऊजण मात्र त्या ओसरीवर न्यायाधीशही होतो आणि पक्षकारही होतो.

मग आम्ही स्वतः गेलो. आमचे आणि चिरंजीवांचे दोन वर्षे संभाषण नव्हते. निमित्त घराच्या विक्रीचे होते. कारण बहुधा निराळे. पत्नी मधे बसून निरोप पोहोचवी. पहिल्या समुपदेशकाने दहाव्याच मिनिटास, 'काका, आता नामस्मरणात मन रमवा' असा सल्ला दिला. नामस्मरण आम्ही चाळीस वर्षे करीत आहोत. त्यासाठी शुल्क भरण्याची आवश्यकता नव्हती. दुसरीकडे गेलो. त्या गृहस्थांनी, 'मुलगा लहान असताना तुम्ही त्याच्याशी कशाविषयी बोलत असा?' असे विचारले. आम्ही विचार करू लागलो, आणि अभ्यासावाचून दुसरा एकही विषय आठवेना. तिसऱ्या बैठकीस चिरंजीवही आले. घराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, परंतु फोन आता तो आम्हांलाच करतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. पहिला माणूस जुळला नाही म्हणून उपचारच खोटा असे समजू नये. शिंपी बदलतो तसा समुपदेशक बदलावा. शिक्षण कोठे झाले, शुल्क किती, सांगितलेले गुप्त राहील काय, हे प्रथमच स्पष्ट विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो व औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ज्यास भास होतात, ज्याचे भान सुटते, त्यास आधी डॉक्टरकडेच न्यावे. तेथे नुसत्या बोलण्यावर विसंबणे घातक. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. क्रमांक 14416, आणि मराठीतूनही बोलता येते.

आता अवघड भाग. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या उपचारात जात, धर्म, वर्ग, लिंग किंवा लैंगिक कल यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. जातीचे नाव लावणाऱ्या मंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, ते व्हावयासच हवे. आपल्या घरांत परजातीत लग्न केलेली मुले आहेत, एकट्या राहणाऱ्या लेकी आहेत, आणि ज्यांची ओढ आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे आहे अशीही मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी अशा प्रौढांमधील संमतीचे संबंध हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. तरी आपल्या संमेलनास ती मुले येत नाहीत. त्यांच्यासाठी जो समुपदेशक निवडाल, तो त्यांना 'सुधारून' देण्याचे आश्वासन देत असेल, तर जिन्यावरूनच परत फिरा.

आणि वधूवर सूचीचा प्रश्न आहे. आपण पत्रिका पाहतो, पगार पाहतो, चष्म्याचा क्रमांकही विचारतो. पण मुलगी कधी समुपदेशकाकडे जाऊन आली असे कळले की नकार ठरलेला. म्हणून घरे गप्प राहतात, आणि दुखणे वाढते. स्वतःच्या मनाची वेळीच काळजी घेतली, हा आमच्या मते गुण आहे. निदान दोष म्हणून त्याची चौकशी करू नये.

यास्तव दोन सूचना लेखी दिल्या आहेत. सामोपचार समितीने कलह ऐकताना त्या व्यक्तीस प्रथम एकटीने, नात्याबाहेरच्या जाणत्या समुपदेशकाशी बोलण्याची संधी द्यावी. आणि शिष्यवृत्तीच्या निधीप्रमाणेच एक लहान निधी ठेवावा. त्यातून गरजूंचे शुल्क द्यावे. पावतीवर नाव नसावे. आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम खजिनदारांकडे सकाळीच दिली आहे.

तिसरी गोष्ट सूचना नव्हे, विनंती आहे. समितीची ती जुनी नोंदवही मंडळाच्या कपाटात आहे. त्यातील 'प्रकरण मिटले' हे शब्द आमच्या हस्ताक्षरातील आहेत. त्यांच्यापुढे 'मुलीचे ऐकून घेतले नाही' एवढे लिहून खाली आजची तारीख व सही घालण्याची परवानगी आम्ही अध्यक्षमहाराजांकडे मागत आहोत.