समोरच्याला उपाशी ठेवायचं नाही : ओवारेची गोष्ट

सागरगोटे आठवतात का? राखाडी, गुळगुळीत, टणक बिया. मी आजीबरोबर ते उडवून झेलायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात ह्याच बियांनी एक वेगळाच खेळ खेळतात. नाव ओवारे.

मला तो शिकवला कॉलेजमधल्या घानाच्या मित्राने. लाकडी पट, दोन ओळी, प्रत्येक ओळीत सहा खोलगट घरं. जवळची ओळ आपली, पलीकडची समोरच्याची. प्रत्येक घरात 4 बिया, एकूण 48.

आपल्या एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या घरांत एकेक पेरत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे 2 किंवा 3 बिया झाल्या, की त्या तुमच्या. त्याच्या ओळीत लगेच मागच्या घरातही 2 किंवा 3 असतील, तर त्याही घ्यायच्या, साखळी तुटेपर्यंत. 25 बिया झाल्या की तुम्ही जिंकलात.

सोप्पं वाटलं ना? मलाही. मी बिया साठवत बसले. त्याच्याकडे एकच उरली, ती त्याने माझ्या बाजूला ढकलली. त्याची ओळ रिकामी! मी खूश. तो शांतपणे म्हणाला, "आता तुला मला द्यावं लागेल."

नियमच आहे. समोरच्याकडे काही नसेल, तर त्याच्यापर्यंत बिया पोचतील अशीच चाल करायची. माझं एकच घर तिथवर पोचत होतं, आणि तेच माझं सगळ्यात भरलेलं घर होतं. हरले, 26-22. नाईलाज होईपर्यंत द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याने तेच हेरलं होतं.

अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हा खेळ कॅरिबियनला पोचला. अँटिग्वा आणि बार्बाडोसमध्ये तो अजून खेळतात, 'वारी' म्हणतात त्याला. पट नसला तरी अडत नाही, जमिनीत बारा खळगे केले की झालं.

आणखी एक गंमत. 2002 मध्ये ॲमस्टरडॅमच्या दोन संगणकतज्ज्ञांनी ह्या खेळाच्या 'अवारी' प्रकारातल्या सगळ्या शक्यता कॉम्प्युटरवर तपासल्या. दोघंही अजिबात न चुकता खेळले तर निकाल काय? बरोबरी.

अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या, बारा खळगे ठेवा, 48 चिंचोके आणा. खेळून बघा आणि मला सांगा, द्यायला किती जड गेलं ते. भेटूया पुढच्या भागात!